ऋण आणि धन : गिल्बर्ट लुईस यांचा जमाखर्च

कल्हईवाल्याचा नवसागर, द्राक्षबागाइतदाराचे मोरचूद, न्हाव्याच्या पेटीतील तुरटी, शोभेच्या दारूतील सोरा आणि धुण्याचा सोडा या पाच वस्तूंत वरवर पाहता काहीच साम्य नाही. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्या एकाच कुळातल्या आहेत. या प्रत्येक पदार्थात अणूंचे एक असे कुटुंब असते की, पदार्थ पाण्यात विरघळला तरी ते फुटत नाही आणि सबंध कुटुंबाचा मिळून एकच विद्युत्प्रभार असतो. मोरचुदात आणि तुरटीत हे कुटुंब सल्फेटचे असते, सोऱ्यात नायट्रेटचे, धुण्याच्या सोड्यात कार्बोनेटचे आणि नवसागरात अमोनियमचे. आपली शालेय पुस्तके त्यांना संयुक्त मूलके म्हणतात. अनेक अणूंचे आयन हे त्यांचे दुसरे नाव.

सल्फेटवर दोन ऋण, नायट्रेटवर एक ऋण, फॉस्फेटवर तीन ऋण, अमोनियमवर एक धन ही कोष्टके माध्यमिक शाळेतला विद्यार्थी पाढ्यांप्रमाणे घोकतो. परंतु गंधकाचा अणू स्वतंत्रपणे उदासीन आणि प्राणवायूचा अणूही उदासीन. मग एक गंधक व चार प्राणवायू एकत्र येताच दोन ऋण प्रभार येतात कोठून आणि ते दोनच का, तीन का नाहीत, हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. विचारलाच तर परीक्षेत तो येत नाही, असे उत्तर मिळण्याचा संभव अधिक. वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर समजण्यास बेरीज-वजाबाकीपेक्षा अधिक गणित लागत नाही. ते सोपे उत्तर ज्यांनी जगाला दिले, त्या गिल्बर्ट न्यूटन लुईस यांचे चरित्र रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांइतकेच शिक्षकांनीही जाणून घ्यावे असे आहे. कारण हे उत्तर प्रयोगशाळेतल्या मोठ्या उपकरणातून निघाले नाही. नवशिक्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट समजावून सांगण्याच्या खटपटीतून ते निघाले.

लुईस यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८७५ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वेमथ या गावी झाला. वडील वकील होते. मुलगा तीन वर्षांचा असतानाच वाचू लागला. पुढे कुटुंब नेब्रास्का राज्यात लिंकन येथे गेले आणि त्याचे बालपणीचे बरेचसे शिक्षण शाळेऐवजी घरीच झाले. दोन वर्षे नेब्रास्का विद्यापीठात काढून तो हार्वर्डला आला आणि १८९६ मध्ये पदवीधर झाला. एक वर्ष शाळेत शिकविल्यानंतर त्याने पुन्हा हार्वर्ड गाठले व १८९९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आतच, थिओडोर रिचर्ड्स यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली. त्या काळी रसायनशास्त्राची पंढरी जर्मनी ही होती. तरुण लुईस लाइप्झिगला ऑस्टवाल्ड यांच्याकडे आणि गटिंगेनला नेर्न्स्ट यांच्याकडे जाऊन आले आणि परत येऊन हार्वर्डमध्येच अध्यापक झाले.

त्यावेळी आयनांविषयीचे ज्ञान एका चमत्कारिक अवस्थेत होते. द्रावणातून वीज वाहते तेव्हा तिच्याबरोबर प्रवास करणाऱ्या कणांना फॅरडे यांनी १८३४ मध्येच आयन हे नाव दिले होते. स्वीडनचे अऱ्हेनियस यांनी १८८४ च्या आपल्या प्रबंधात आणि त्यानंतरच्या लेखनात असे प्रतिपादन केले की, लवण पाण्यात पडताच त्याचे प्रभारित तुकडे होतात. त्यासाठी बाहेरून वीज सोडावी लागत नाही. परीक्षकांनी त्या प्रबंधाला अगदी खालचा दर्जा दिला आणि त्याच विचारासाठी १९०३ मध्ये अऱ्हेनियस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १८९७ मध्ये जे. जे. टॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध लावला, तेव्हा प्रभार म्हणजे इलेक्ट्रॉनांची कमी-अधिक संख्या हे कळण्याची वाट मोकळी झाली. सोडियमने एक इलेक्ट्रॉन दिला, क्लोरिनने तो घेतला, मीठ तयार झाले, इथपर्यंत ठीक होते. परंतु चार-पाच अणूंचे बिऱ्हाड मिळून प्रभार कसा धारण करते, याचा खुलासा होत नव्हता.

१९०२ साली हार्वर्डमध्ये प्राथमिक वर्गाला मूलद्रव्यांचा आवर्ती नियम शिकविताना लुईस यांना एक युक्ती सुचली. अणू हा एक घन आहे, अशी त्यांनी कल्पना केली. घनाला आठ कोपरे. ज्या गणातले मूलद्रव्य, तितके इलेक्ट्रॉन त्याच्या घनाच्या कोपऱ्यांवर बसवायचे : सोडियमचा एक, मॅग्नेशियमचे दोन, याप्रमाणे क्लोरिनचे सात. आठही कोपरे भरले की अणू तृप्त. ज्याच्याजवळ एकच आहे तो देऊन मोकळा होतो, ज्याच्याजवळ सात आहेत तो एक मिळवितो. २८ मार्च १९०२ ही तारीख असलेला, पेन्सिलीने घन रेखाटलेला त्यांचा कागद पुढे त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केला, म्हणून तो आज आपणास पाहावयास मिळतो.

मात्र तो प्रसिद्ध होण्यास दोन दशके लागली. हार्वर्डचे वातावरण अशा कल्पनांना अनुकूल नव्हते. रिचर्ड्स हे अणुभारांच्या सूक्ष्म मोजमापाचे आचार्य. त्याबद्दलच त्यांना पुढे १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. न दिसणाऱ्या अणूच्या पोटात काय आहे याची चित्रे काढणे त्यांना व्यर्थ वाटे. या भूमिकेत केवळ दुराग्रह होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अणूला केंद्रक असते हे रदरफर्ड यांनी १९११ मध्ये सांगितले आणि त्या केंद्रकावरील प्रभार मोझली यांनी १९१३ मध्ये निश्चित केला. त्याआधी एकूण जमा किती हेच ठाऊक नव्हते, मग ताळेबंद मांडणार कोण? तथापि वडीलधाऱ्यांच्या नापसंतीमुळे तरुण अध्यापकाने आपला कागद चौदा वर्षे मिटून ठेवावा, ही गोष्ट विद्याक्षेत्राला भूषणावह नाही, हेही तितकेच खरे.

१९०४ मध्ये लुईस हार्वर्ड सोडून फिलिपाइन्समध्ये मनिला येथे वजने व मापे खात्याचे अधीक्षक म्हणून गेले. तेथे त्यांचा मुक्काम वर्षभराचाच होता. पण तेथील चिरुटांची सवय त्यांना जन्मभर पुरली. १९०५ ते १९१२ या काळात ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये होते. १९१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यांना बर्कले येथे रसायनशास्त्र महाविद्यालयाचे प्रमुखपद दिले आणि तेथेच त्यांची उरलेली चौतीस वर्षे गेली. १९१६ मध्ये अणू आणि रेणू यांवरील त्यांचा सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जर्मनीत वाल्टर कोसेल यांनीही आठ इलेक्ट्रॉनांच्या स्थिर रचनेचा विचार स्वतंत्रपणे मांडला होता. परंतु कोसेल यांचा भर देण्याघेण्यावर होता. लुईस यांनी त्यात एक निराळी आणि निर्णायक भर घातली. दोन अणू इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक ठेवू शकतात आणि ती जोडी दोघांच्याही हिशेबात धरली जाते, हा तो विचार. बँकेतील संयुक्त खात्याची शिल्लक पती आपली म्हणून मोजतो आणि पत्नीही आपली म्हणून मोजते, तसाच हा प्रकार. आज ज्याला आपण सहसंयुज बंध म्हणतो, तो म्हणजे अशी एक सामाईक जोडी होय.

आता सल्फेटचा हिशेब मांडून पाहू. गंधकाच्या बाहेरच्या कवचात सहा इलेक्ट्रॉन असतात. प्राणवायूच्याही बाहेरच्या कवचात सहाच. चार अणूंचे मिळून चोवीस. एकूण जमा तीस. आता खर्चाची बाजू. मध्ये गंधक, भोवती चार प्राणवायू आणि गंधकाची प्रत्येकाशी एकेक सामाईक जोडी. या चार जोड्यांचे आठ इलेक्ट्रॉन झाले आणि गंधकाचे अष्टक पुरे झाले. प्रत्येक प्राणवायूला सामाईक जोडीतले दोन मिळाले, त्याला स्वतःचे आणखी सहा हवेत; चौघांचे चोवीस. आठ आणि चोवीस मिळून बत्तीस. जमा तीस आणि गरज बत्तीस; तूट दोनची. ही तूट बाहेरून भरून निघते. मोरचुदात ती तांब्याचा अणू भरून देतो, म्हणून तांबे दोन धन होते. गंधकाम्लात ती हायड्रोजनचे दोन अणू भरून देतात. पाण्यात ते आपापला इलेक्ट्रॉन मागे ठेवून निघून जातात. कवचांच्या आतले इलेक्ट्रॉनही मोजले तरी निष्कर्ष तोच. गंधकाच्या केंद्रकात सोळा प्रोटॉन, चार प्राणवायूंचे मिळून बत्तीस, एकूण ४८ प्रोटॉन. आणि त्यांच्याभोवती इलेक्ट्रॉन ५०. दोन ऋण प्रभार म्हणजे एवढेच.

येथे आपल्या भाषेचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. ऋण म्हणजे वजा आणि ऋण म्हणजे कर्जही. ज्या मूलकाने बाहेरून इलेक्ट्रॉन उसने घेतले ते ऋण आणि ज्याने आपल्याजवळचा दिला ते धन. घेणारा ऋणी आणि देणारा धनी, हा व्यवहारातला अर्थ येथे तंतोतंत लागू पडतो. मराठी माध्यमातून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ही गोष्ट शब्दांतच मिळालेली आहे. ती त्याच्या नजरेस आणून देण्याचे काम तेवढे बाकी असते.

या हिशेबाची खरी ताकद एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मध्ये गंधकाऐवजी आवर्तसारणीतील त्याचे शेजारी ठेवू, भोवतालचे चार प्राणवायू तेच. क्लोरिनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन सात, म्हणून जमा एकतीस. तूट एक, आणि परक्लोरेटवर प्रभार एक ऋण. गंधकाचे सहा, तूट दोन. फॉस्फरसचे पाच, तूट तीन, आणि फॉस्फेटवर तीन ऋण. सिलिकॉनचे चार, तूट चार, आणि सिलिकेटवर चार ऋण. चारही ठिकाणी गरज बत्तीसचीच. जी चार नावे आणि चार आकडे विद्यार्थी वेगवेगळे पाठ करतो, ती एकाच वजाबाकीची चार उत्तरे आहेत! अमोनियमचा हिशेब याच्या उलट. नत्राचे पाच आणि चार हायड्रोजनचे चार, जमा नऊ. पण चार जोड्यांना लागतात आठच. एक शिल्लक उरतो, तो नवसागरात क्लोरिनकडे जातो आणि अमोनियम एक धन होते. अकरा प्रोटॉन, दहा इलेक्ट्रॉन. नायट्रेटमध्ये नत्र व एक प्राणवायू यांच्यात एक जोडी अधिक सामाईक धरावी लागते. तेथे गरज चोवीसची, जमा तेवीस, म्हणून प्रभार एक ऋण.

यातून आणखी एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. हे ऋण कोणा एका अणूच्या नावावर नसते. सल्फेटमधील चारही प्राणवायू सारखेच असतात. उसने आलेले इलेक्ट्रॉन अमुक एकाकडे आहेत असे बोट दाखवून सांगता येत नाही. कर्ज कुटुंबाचे असते. म्हणूनच या आयनाचे वर्णन करताना सबंध मूलक कंसात घालून प्रभार कंसाबाहेर लिहिण्याची पद्धत आहे.

अर्थात लुईस यांच्या हिशेबाला मर्यादा आहेत आणि त्या सांगितल्या पाहिजेत. आठच का आणि जोडीच का, याचे मूळ त्यांना सांगता आले नाही. ते १९२५ नंतर पुंजयांत्रिकीने सांगितले. त्यात पाउली यांच्या नियमाचा वाटा मोठा. घनाची आकृती टिकली नाही. नायट्रिक ऑक्साइडसारखे विषम संख्येचे रेणू आहेत आणि गंधकाभोवती सहा फ्लोरिन असणारा रेणूही आहे. त्यांना अष्टकाच्या चौकटीत बसविणे अवघड जाते. शिवाय मूलकाला आठाची हाव असते, ही समजूतही तितकीशी बरोबर नाही. निर्वातात एकट्या सापडलेल्या सल्फेटला दोन्ही इलेक्ट्रॉन सांभाळता येत नाहीत. एक निसटून जातो. त्याला सावरण्यासाठी सोबतीला निदान तीन पाण्याचे रेणू लागतात, असे विसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या संशोधनातून दिसून आले. स्फटिकात शेजारचे धन आयन आणि द्रावणात पाणी यांच्या आधारावरच हे ऋण टिकते. सावकार किंवा जामीन असल्यावाचून कर्ज उभे राहत नाही, हा अर्थशास्त्रातला साधा अनुभव येथेही खरा ठरतो. आणि म्हणूनच मोरचुदाचा सबंध खडा हातात घेतला तर त्यावर प्रभार शून्यच असतो.

या शोधाचे श्रेय लुईस यांना सरळ मिळाले नाही. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि १९१८ मध्ये ते फ्रान्समध्ये लष्कराच्या रासायनिक दलात दाखल झाले. विषारी वायूपासून सैनिकांचा बचाव कसा करावा याचे शिक्षण देण्याचे काम त्यांच्याकडे होते. मध्यंतरी, १९१९ पासून, जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील अर्व्हिंग लँगम्यूर यांनी तोच विचार पुढे नेला, त्याला नवी नावे दिली आणि आपल्या प्रभावी वक्तृत्वाने तो सर्वत्र पोहोचविला. लँगम्यूर यांची स्वतःची भर निःसंशय होती. परंतु लोक या उपपत्तीला दोघांच्या नावाने, किंबहुना काही वेळा एकट्या लँगम्यूर यांच्या नावाने ओळखू लागले, हे लुईस यांना फार लागले. १९२३ मध्ये त्यांनी संयुजेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९०२ चा तो कागद त्यात छापला. त्याच वर्षी मर्ल रँडल यांच्यासह लिहिलेला उष्मागतिकीवरील त्यांचा ग्रंथही निघाला. इलेक्ट्रॉनांची जोडी देणारा तो आम्लारी आणि स्वीकारणारा ते आम्ल, ही त्यांची व्याख्या आज जगभर शिकविली जाते.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना लुईस यांचे नाव आणखी एका ठिकाणी भेटते. युद्धोत्तर काळातील भावांच्या उलथापालथीने अस्वस्थ होऊन त्यांनी किमती स्थिर राखण्याची एक योजना लिहिली आणि ती १९२५ मध्ये इकॉनॉमिक जर्नलमध्ये छापून आली. त्या वेळी या नियतकालिकाच्या संपादनाची धुरा केन्स यांच्याकडे होती. चलनाचे मूल्य केवळ सोन्याशी न बांधता निवडक जिनसांच्या समूहाशी बांधावे, असा त्या योजनेचा आशय होता. ती अमलात आली नाही. पण एकाच आधारावर विसंबू नये, भार अनेकांत वाटून द्यावा, ही दृष्टी या माणसाच्या विचारात किती खोल मुरली होती, ते यावरून दिसते.

नोबेल पारितोषिकासाठी लुईस यांचे नाव अनेक वेळा सुचविले गेले. ते त्यांना कधीच मिळाले नाही. लँगम्यूर यांना १९३२ मध्ये ते निराळ्या संशोधनासाठी मिळाले. जड हायड्रोजनचा शोध लावणारे हॅरल्ड युरी हे बर्कलेचे विद्यार्थी. त्यांना १९३४ मध्ये मिळाले. शुद्ध जड पाणी १९३३ मध्ये प्रथम तयार करणारे त्यांचे आचार्य मात्र बाजूलाच राहिले. परंतु बर्कलेच्या ज्या विभागाची उभारणी लुईस यांनी केली, तेथून डॉक्टरेट घेऊन बाहेर पडलेल्या जियोक, सीबोर्ग आणि लिबी यांनाही पुढे तोच मान मिळाला. लायनस पॉलिंग यांनी रासायनिक बंधावरील आपला १९३९ चा विख्यात ग्रंथ लुईस यांनाच अर्पण केला.

या यशाचे रहस्य त्यांच्या शिक्षणपद्धतीत होते. पहिल्या वर्षाचा वर्ग हा कनिष्ठ अध्यापकांच्या गळ्यात घालण्याचा धोंडा आहे, असे बर्कलेत कोणी मानीत नसे. उत्तमोत्तम प्राध्यापक त्या वर्गावर जात. दर आठवड्याच्या चर्चेत चिरूट ओढीत लुईस अध्यक्षस्थानी बसत आणि नवा संशोधक विद्यार्थीही ज्येष्ठ प्राध्यापकाला निःसंकोच प्रश्न विचारू शकत असे. हार्वर्डमध्ये ज्या मोकळेपणाची उणीव त्यांना भासली होती, तो त्यांनी आपल्या विभागात मुद्दाम रुजविला. २३ मार्च १९४६ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, प्रयोग करीत असतानाच प्रयोगशाळेत त्यांचे निधन झाले. प्रयोगात हायड्रोजन सायनाइडसारखे जहाल विष होते, त्यामुळे पुष्कळ तर्क झाले. मृत्यूचे कारण हृदयविकार असे नोंदले गेले.

लुईस यांना न मिळालेल्या पारितोषिकाची हळहळ वाटणे साहजिक आहे. पण त्यांच्यावर त्याहून मोठा अन्याय आपण दरवर्षी आपल्या वर्गांतून करीत असतो. विद्यार्थ्याला समजावे म्हणून ज्यांनी कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन बसविले, त्यांच्या उत्तराचे आपण कोष्टक केले आणि ते न समजताच पाठ करावयास लावले. वेळ नाही, अभ्यासक्रम मोठा आहे, वर्गात साठ-सत्तर मुले आहेत, या अडचणी खोट्या नाहीत. परंतु सल्फेटची वजाबाकी फळ्यावर मांडण्यास पाच मिनिटे पुरतात आणि ती एकदा समजली की दहा मूलकांचे पाठांतर वाचते. विज्ञान म्हणजे स्मरणशक्तीची कसरत, अशी समजूत होऊन जी मुले त्याकडे कायमची पाठ फिरवितात, त्यांपैकी कित्येक या पाच मिनिटांच्या अभावी गेलेली असतात. सल्फेटच्या ऋणाची परतफेड तांबे किंवा हायड्रोजन यांच्याकडून केव्हाच झालेली असते. लुईस यांचे शिक्षकवर्गावर जे ऋण आहे, त्याची बाकी मात्र अजून निघते आहे.